शुभवर्तमानाचा भाष्यकार : ओरिजेन

मार्गशीर्षात गीताजयंती येते आणि तिच्या मागोमाग ख्रिस्ती बांधवांचा नाताळ येतो. एका दिवशी देवळांतून आणि घराघरांतून गीतेचे पारायण होते. दुसऱ्या दिवशी चर्चमधून येशू ख्रिस्ताच्या जन्माची कथा वाचली जाते. गीता अवघी 700 श्लोकांची. ख्रिस्तचरित्र सांगणारी चार शुभवर्तमानेही एका लहानशा पुस्तकात मावतील एवढीच आहेत. परंतु या लहान ग्रंथांवर जी भाष्ये झाली, त्यांनी ग्रंथालये भरून गेली. गीतेत आद्य शंकराचार्यांना ज्ञानाचा मार्ग दिसला, रामानुजाचार्यांना भक्तीचा दिसला, श्रीज्ञानदेवांनी ती मराठीत आणून सामान्यांच्या ओंजळीत घातली, आणि लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात तिचे तात्पर्य कर्मयोग हे ठरविले. आपल्या घरातील एकाच फडताळात ही सारी भाष्ये शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्यातील मतभेदांमुळे कोणाची श्रद्धा डळमळत नाही.

ख्रिस्ती धर्माविषयी मात्र आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी असते की, त्यांचा ग्रंथ एक, म्हणून त्या ग्रंथाचा अर्थही सर्वांना एकच मान्य असावा. वस्तुस्थिती तशी नाही. शुभवर्तमानातील एकेका वचनाच्या अर्थावरून पहिल्या तीन शतकांतच विद्वानांत तीव्र वाद झाले. या अर्थचिंतनाला ज्याने शास्त्राचे रूप दिले, तारुण्यात ज्याने ग्रंथातील अक्षरासाठी देह झिजविला, प्रौढपणी अक्षरापलीकडील अर्थाचा शोध घेतला, आणि ज्याच्या मृत्यूनंतर 300 वर्षांनी त्याच्याच धर्मसंस्थेने त्याला पाखंडी ठरविले, त्या ओरिजेनचे चरित्र नाताळच्या निमित्ताने आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चार कथनकार, एक चरित्र

येशूने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांवरील चार शुभवर्तमाने पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीक भाषेत लिहिली गेली, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. चौघेही एकाच पुरुषाचे चरित्र सांगतात; पण ते एकसारखे सांगत नाहीत. नाताळचीच कथा घ्या. ताऱ्याच्या खुणेने पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष केवळ मत्तयाच्या कथेत आहेत. रात्री कळप राखणारे मेंढपाळ आणि बाळाला निजविलेली गव्हाण केवळ लूकच्या कथेत आहे. मार्क आणि योहान जन्मकथा सांगतच नाहीत. नाताळात वसईच्या ख्रिस्ती घरांतून आणि गोव्याच्या खेड्यांतून गोठ्याचा जो देखावा मांडतात, त्यात ज्ञानी पुरुष आणि मेंढपाळ एकाच बाळापुढे उभे असतात. भाविकांच्या प्रेमाने दोन कथा जोडून एक केल्या आहेत.

परंतु प्रत्येक ठिकाणी अशी जोडणी साधत नाही. यरुशलेमच्या मंदिरात बाजार मांडून बसलेल्या व्यापाऱ्यांना येशूने हाकलून लावले, हा प्रसंग योहान येशूच्या कार्याच्या आरंभी सांगतो. उरलेले तिघे तोच प्रसंग त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत घालतात. मग खरे कोणाचे मानावे? विरोधकांना हे हसण्याचे साधन होते आणि भाविकांना अडचणीचे. ही अडचण न झाकता तिच्याकडे सरळ पाहणारा पुरुष म्हणून ओरिजेनचे नाव पुढे येते.

हुतात्म्याचा पुत्र

ओरिजेनचा जन्म इ.स. 185 च्या सुमारास इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरात झाला. विद्या आणि व्यापार या दोहोंसाठी ते नगर प्रसिद्ध होते. इजिप्तमधून तांबड्या समुद्राच्या वाटेने जहाजे हिंदुस्थानात येत. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात आपल्या भडोच, सोपारा आणि कल्याण या बंदरांचा उल्लेख आढळतो. मालाबरोबर विचारही जात असले पाहिजेत, कारण अलेक्झांड्रियातील ख्रिस्ती आचार्य क्लेमेंट याच्या लेखनात भगवान बुद्धांचे नाव आले आहे. परंपरा ओरिजेनला या क्लेमेंटचाच शिष्य मानते.

ओरिजेनचा पिता लिओनिडीस हा विद्वान आणि श्रद्धावान ख्रिस्ती होता. तो मुलाकडून रोज धर्मग्रंथातील उतारे पाठ करून घेई. पाठांतराने मुलाचे समाधान होत नसे. या शब्दांच्या आत काय आहे, असे तो विचारीत राही. वयाला न शोभणारे प्रश्न विचारू नयेत, असे पिता त्याला वरवर रागे भरे. पण मूल झोपले की त्याच्या उघड्या छातीचे चुंबन घेऊन असा पुत्र दिल्याबद्दल देवाचे आभार मानी. चौथ्या शतकातील चर्चचा इतिहासकार युसेबियस याने ही आठवण लिहून ठेवली आहे.

इ.स. 202 मध्ये रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या राजवटीत ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला. लिओनिडीसला तुरुंगात टाकण्यात आले. ओरिजेन तेव्हा सतरा वर्षांचाही झाला नव्हता. आपणही पित्याबरोबर मरणास सामोरे जावे या निश्चयाने तो घराबाहेर पडू लागला, तेव्हा आईने विनवण्या केल्या. त्यांचा उपयोग होत नाही असे पाहून तिने त्याचे सारे कपडे लपवून ठेवले. वस्त्रांवाचून मुलगा बाहेर पडू शकला नाही आणि त्याचा जीव वाचला. त्याने पित्यास पत्र पाठविले व आमच्यासाठी आपला निर्धार बदलू नका, असे कळविले. पित्याचा शिरच्छेद झाला, घरदार सरकारजमा झाले, आणि आई व सहा धाकटी भावंडे यांचा भार या मुलावर येऊन पडला. एका धनिक स्त्रीने त्याला आश्रय दिला. अभ्यास पुरा करून तो व्याकरण शिकवू लागला. अठराव्या वर्षी अलेक्झांड्रियाचा बिशप दिमित्रियस याने धर्मशिक्षणाची शाळा त्याच्या हाती सोपविली.

अक्षरशः आचरण

या तरुण गुरूने शुभवर्तमान जसे वाचले तसे जगावयाचे ठरविले. दोन अंगरखे बाळगू नयेत, पायतण घालू नये, उद्याची चिंता करू नये, हे ख्रिस्ताचे आदेश त्याने शब्दशः पाळले. तो अनेक वर्षे अनवाणी हिंडला, जमिनीवर निजला, मद्याला शिवला नाही. जवळचे ग्रीक विद्येचे ग्रंथ विकून त्याने रोजच्या चार ओबोल या क्षुल्लक नाण्यांवर गुजराण केली.

मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात स्वर्गाच्या राज्यासाठी काहींनी स्वतःला नपुंसक करून घेतल्याचा उल्लेख आहे. त्याच्या शाळेत पुरुषांप्रमाणे स्त्रियाही शिकावयास येत. लोकापवादाला जागा राहू नये आणि ख्रिस्तवचनाचे पालनही व्हावे, म्हणून ओरिजेनने हे शब्द आपल्या देहावर खरे करून दाखविले, असे युसेबियस सांगतो. आधुनिक संशोधकांपैकी काही हा वृत्तांत मान्य करतात, काहींना तो शंकास्पद वाटतो. निश्चित आहे ते एवढेच की, पुढे उतारवयात मत्तयावर भाष्य लिहिताना ओरिजेनने याच वचनाचा अक्षरशः अर्थ घेणाऱ्यांना चुकीचे ठरविले आणि वासनेचे निर्मूलन मनात व्हावयाचे असते, असा अर्थ प्रतिपादिला.

त्या काळी एकाच वचनाचे दोन टोकांचे अर्थ कसे होत, याचे आणखी एक उदाहरण त्याच भूमीतील आहे. सर्वस्व विकून गरिबांना दे, असे येशूने एका श्रीमंत तरुणास सांगितले होते. क्लेमेंटने या प्रसंगावर स्वतंत्र ग्रंथ लिहून असा निर्वाळा दिला की, टाकावयाची आहे ती संपत्तीची आसक्ती. संपत्ती योग्य हाती असेल तर तिने भुकेल्यांना अन्न देता येते. इ.स. 270 च्या सुमारास अँटनी नावाच्या इजिप्शियन तरुणाने चर्चमध्ये तेच वचन ऐकले आणि तडक घरी जाऊन सारी जमीन देऊन टाकली; पुढे तो वाळवंटात गेला आणि ख्रिस्ती संन्यासमार्गाचा आदिपुरुष मानला गेला. एकाच वाक्याने एकाला दानशूर गृहस्थाश्रम शिकविला आणि दुसऱ्याला अरण्यवास. गृहस्थ जनक आणि विरक्त शुक या दोघांनाही वंदन करणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

देह, जीव आणि आत्मा

अनुभव आणि अभ्यास वाढत गेला तशी ओरिजेनची दृष्टी बदलली. प्रथम त्याने मूळ शब्द निश्चित करण्याचे काम हाती घेतले. ख्रिस्ती विद्वानांत हिब्रू जाणणारे विरळा असताना तो ज्यू पंडितांकडून ती भाषा शिकला. जुन्या कराराचा हिब्रू पाठ, त्याचे ग्रीक लिपीतील रूप आणि चार ग्रीक भाषांतरे असे सहा रकाने शेजारी शेजारी मांडून त्याने हेक्साप्ला नावाचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. या कामावर त्याची कित्येक वर्षे खर्ची पडली.

मग अर्थाचा प्रश्न आला. तत्त्वांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याने असे मांडले की, मनुष्याला जसा देह, जीव आणि आत्मा असतो, तसे धर्मवचनालाही तीन अंगे असतात. शब्दांचा उघड अर्थ हा देह, आचरणाचा बोध हा जीव आणि ईश्वरी रहस्य हा आत्मा. ग्रंथातील बहुतेक प्रसंग घडलेलेच आहेत, हे तो आग्रहाने सांगे. परंतु काही ठिकाणी उघड अर्थ लागतच नाही. आणि अशा जागा वाचकाने अडखळावे, थांबावे आणि खोल उतरावे म्हणूनच ठेवल्या आहेत, असे त्याचे मत होते.

त्याने दिलेली उदाहरणे मोठी मार्मिक आहेत. सैतानाने येशूला उंच पर्वतावर नेऊन जगातील सर्व राज्ये दाखविली, अशी कथा आहे. ओरिजेन विचारतो, इराणी, सिथियन, हिंदी आणि पार्थियन लोकांची राज्ये चर्मचक्षूंनी दिसतील असा पर्वत कोठे आहे? उजव्या गालावर कोणी मारले तर दुसरा गाल पुढे करावा, असा उपदेश आहे. ओरिजेन म्हणतो, उजव्या हाताने मारणाऱ्याचा तडाखा समोरच्याच्या डाव्या गालावर बसतो. मग येथे उजवा गाल का सांगितला असेल, याचा विचार करा.

मंदिरातील प्रसंगाचा उलगडाही त्याने याच रीतीने केला. चारही कथनांचा काळ बाह्यतः जुळत नाही, हे त्याने स्वच्छपणे मान्य केले. लेखकांना आत्मिक सत्य सांगावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी प्रसंगांचा क्रम थोडा बदलला, तर त्यांना दोष देऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. मंदिर म्हणजे मनुष्याचा आत्मा. त्यात शिरलेले बैल म्हणजे मातीची ओढ, मेंढरे म्हणजे विवेकशून्यता, कबुतरे म्हणजे चंचल विचार आणि नाणी म्हणजे जे हितकर वाटते पण असत नाही ते. प्रभू आत आला की हा बाजार उठतो. मग तो प्रसंग चरित्राच्या आरंभी सांगितला काय आणि अखेरीस सांगितला काय, साधकाला त्याचा बोध एकच.

विहिरीवरची स्त्री

रूपकाचा मार्ग मोकळा झाला की त्यातून कोणीही काहीही सिद्ध करू शकतो, हा धोका ओरिजेनला दिसत होता. हेराक्लिओन नावाच्या एका विद्वानाने त्याच्या आधीच योहानाच्या शुभवर्तमानावर भाष्य लिहिले होते. योहानाचे आज ज्ञात असलेले ते सर्वांत जुने भाष्य. हेराक्लिओन ज्या पंथाचा होता, तो मानी की माणसांचे प्रकार जन्मतःच ठरलेले असतात. काही आत्मिक, काही मध्यम, काही निव्वळ मातीचे. विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा त्याने याच चौकटीत बसविली. ती मुळातच उच्च प्रकृतीची होती, म्हणून तिने येशूला चटकन ओळखले, असा त्याचा अर्थ.

ओरिजेनने हा अर्थ ओळीओळीने खोडून काढला. कोणताही जीव जन्मतःच तरलेला नाही आणि कोणताही जन्मतःच बुडालेला नाही. ऐकणे, वळणे आणि बदलणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. नसते तर उपदेशाला आणि न्यायाला अर्थच उरला नसता. या वादात केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हता. परजातीची, लोकांच्या दृष्टीने पतित, अशी ती स्त्री. तिला दार उघडे होते ते तिच्या प्रकृतीमुळे, की ते सर्वांनाच उघडे आहे, हा प्रश्न होता. विशेष असे की, हेराक्लिओनचे मूळ पुस्तक नष्ट झाले आणि आज आपल्याला त्याचे विचार मुख्यतः कळतात ते ओरिजेनने खंडनासाठी त्याची वाक्ये प्रामाणिकपणे उतरून घेतली म्हणूनच. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडून मग सिद्धान्त सांगण्याची जी रीत आहे, तीच ही रीत.

हे भाष्य लिहिले गेले ते अँब्रोज नावाच्या धनिक मित्राच्या आग्रहाने. हा अँब्रोज पूर्वी त्याच विरोधी पंथात होता; ओरिजेनच्या उपदेशाने तो परतला. त्याने आपल्या गुरूसाठी पाळीपाळीने काम करणारे सातांहून अधिक लघुलेखक, तितकेच नकलनवीस आणि सुंदर अक्षर काढण्यात तरबेज मुली नेमल्या. ओरिजेन सांगत जाई आणि हे मंडळ लिहीत जाई.

वाटसरू आणि भाकर

शोमरोनी माणसाचा दृष्टान्त आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत वाचला असेल. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटसरूला लुटारू मारहाण करून अर्धमेला टाकून जातात. याजक पाहून पुढे जातो, लेवी पाहून पुढे जातो. परका शोमरोनी मात्र जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून खाणावळीत नेतो आणि दोन नाणी देऊन त्याची सोय करतो. ओरिजेनने आपल्या प्रवचनात एका वडीलधाऱ्या आचार्याकडून आलेला अर्थ सांगितला आहे. वाटसरू हा आदिपुरुष आदाम, यरुशलेम म्हणजे स्वर्ग, यरीहो म्हणजे संसार, याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे, शोमरोनी म्हणजे स्वतः ख्रिस्त आणि खाणावळ म्हणजे चर्च. हा अर्थ शतकानुशतके प्रिय राहिला. पुढे सोळाव्या शतकात कॅल्व्हिनसारख्या सुधारकांनी तो कृत्रिम ठरविला. अडलेल्याला मदत करावी, जातपात पाहू नये, हाच सरळ अर्थ पुरेसा आहे, असे त्यांचे म्हणणे. पण ओरिजेननेही आपले प्रवचन रूपकावर संपविलेले नाही. ख्रिस्ताचे अनुकरण करून पडलेल्याजवळ जा, असेच त्याने श्रोत्यांना शेवटी सांगितले आहे.

येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकरीची मागणी आहे. तेथे भाकरीला जे ग्रीक विशेषण जोडलेले आहे, ते पंडितांच्या लेखनात नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही. शुभवर्तमानकारांनी ते नवीन घडविलेले दिसते, असे ओरिजेनने नमूद केले. त्याने त्याचा अर्थ आत्म्याच्या मूळ सत्त्वाला पोसणारी भाकर असा केला. इतरांनी रोजची किंवा उद्याची भाकर असा केला. पुढे जेरोमने लॅटिन भाषांतर करताना मत्तयात एक अर्थ ठेवला आणि लूकमध्ये दुसरा. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतून ही प्रार्थना म्हणताना रोजच्या भाकरीचाच उच्चार होतो. भुकेल्याला ती पोटाची वाटते, साधकाला आत्म्याची. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्यांच्या देशात या दोन अर्थांत वैर दिसण्याचे कारण नाही.

पुनर्जन्माचा प्रश्न

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांस आवश्यक वाटते. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात येशू म्हणतो की, प्राचीन संदेष्टा एलिया येऊन गेला. आणि तो हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी बोलत आहे, असे शिष्य समजतात. यावरून, आरंभीच्या ख्रिस्ती धर्मात पुनर्जन्म होता, ओरिजेन तो शिकवीत असे आणि पुढे चर्चने तो पुसून टाकला, असे अनेक लोकप्रिय पुस्तकांत सांगितले जाते. आपल्याला ते वाचून संतोष होणे स्वाभाविक आहे. पण ते खरे नाही. जीव देहात येण्यापूर्वी ईश्वराजवळ होते आणि प्रेम थंडावल्याने खाली आले, असा तर्क ओरिजेनने केला, हे खरे. अखेरीस सर्व जीव ईश्वराकडे परततील अशी आशाही त्याने बाळगली. परंतु याच एलियाच्या उताऱ्यावर भाष्य करताना, एक जीव देहामागून देह धारण करतो हे मत त्याने स्पष्टपणे नाकारले. लूकच्या आधाराने त्याने सांगितले की, योहानात एलियाचा जीव आला नव्हता, त्याचे सामर्थ्य आणि प्रेरणा आली होती. दुसऱ्याच्या आचार्याचा आदर करावयाचा तर तो जे म्हणाला तेच त्याच्या तोंडी ठेवले पाहिजे.

कैसरिया, तुरुंग आणि मृत्यू

ओरिजेनची कीर्ती वाढली तसे बिशप दिमित्रियसचे मन दुखावत गेले. पॅलेस्टाइनमधील बिशपांनी 230 च्या सुमारास ओरिजेनला आपल्याकडे धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. आपल्या अनुमतीवाचून हे झाले म्हणून दिमित्रियसने त्याला अलेक्झांड्रियातून दूर केले. जन्मभूमी सुटली. समुद्रकाठच्या कैसरिया नगरात त्याने नवी शाळा उभारली आणि तेथे पूर्वीच्याच निष्ठेने शिकवू लागला.

248 च्या सुमारास त्याने केल्सस या ग्रीक टीकाकाराला उत्तर म्हणून आठ भागांचा ग्रंथ लिहिला. केल्ससचा एक आक्षेप असा होता की, ख्रिस्ती लोकांत इतके पंथ आहेत, तेव्हा त्यांच्यापाशी सत्य कसे असेल? ओरिजेनचे उत्तर आजही मननीय आहे. जी गोष्ट मानवी जीवनाला खरोखर मोलाची असते, तिच्याच बाबतीत भिन्न मते निर्माण होतात. वैद्यक माणसाला उपकारक आहे म्हणून वैद्यांत पंथ आहेत. तत्त्वज्ञान सत्य शोधते म्हणून तत्त्वज्ञांत पंथ आहेत. त्याच न्यायाने धर्मग्रंथाचे अर्थ वेगवेगळे झाले, ते विद्वानांना त्याचे मोल वाटले म्हणून.

250 साली सम्राट डेशियसने रोमन देवतांना यज्ञ करण्याची सक्ती केली. पासष्टीच्या घरातील ओरिजेनला पकडण्यात आले. गळ्यात लोखंडी कडे, पाय खोड्यात ताणून चौथ्या भोकापर्यंत अडकविलेले, अंधारकोठडी आणि जाळून मारण्याच्या धमक्या, असे हाल त्याने सोसले. त्याने श्रद्धा सोडली नाही. डेशियस 251 मध्ये युद्धात मारला गेला आणि ओरिजेनची सुटका झाली. परंतु देह मोडला होता. 254 च्या सुमारास टायर येथे त्याने प्राण सोडला. सतरावे वर्ष पुरे होण्याआधी पित्यामागून जाऊ पाहणाऱ्या त्या मुलाची इच्छा पाऊण आयुष्य उलटल्यावर वेगळ्या रीतीने पुरी झाली.

मृत्यूनंतरचा निवाडा

छळणाऱ्या सम्राटाने जे केले नाही, ते धर्मरक्षक म्हणविणाऱ्या सम्राटाने केले. अँटिओक नगरातील आचार्यांनी आधीच आक्षेप घेतला होता की, रूपकाच्या नादाने घडलेला इतिहास विरघळून जातो. हा आक्षेप विचार करण्याजोगाच होता. पण पुढे विचाराची जागा बहिष्काराने घेतली. जेरोमने तारुण्यात ओरिजेनची स्तुती केली आणि नंतर त्याच्यावरच शस्त्र धरले. सम्राट जस्टिनियनने 543 साली त्याच्या मतांचा निषेध करणारे फर्मान काढले, आणि 553 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने पाखंड्यांच्या नामावळीत त्याचे नाव घातले. त्याचे मूळ ग्रीक ग्रंथ मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. हेक्साप्लाही गेला. पुष्कळसे जे उरले ते लॅटिन भाषांतरांतून. ज्याने विरोधकाचा शब्द जपला, त्याचा स्वतःचा शब्द जपला गेला नाही.

तरीही तो पुरता पुसला गेला नाही. 1941 साली इजिप्तमध्ये कैरोजवळ तुरा येथील गुहा युद्धाच्या दारूगोळ्यासाठी साफ करीत असता त्याचे लेखन असलेले पपायरस सापडले. 2012 साली जर्मनीतील म्यूनिकच्या ग्रंथालयात एका हस्तलिखिताची सूची करताना, स्तोत्रांवरील त्याची 29 प्रवचने मूळ ग्रीक भाषेत असल्याचे उघड झाले. 2007 साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आपल्या दोन सार्वजनिक प्रवचनांतून त्याच्या जीवनाचा आणि शिकवणीचा गौरव केला. चर्चने त्याला संतपद मात्र कधी दिले नाही.

धर्मग्रंथ वाचणाऱ्या प्रत्येक घराला ओरिजेनचे चरित्र काही सांगून जाते. अक्षराला न मानणारा माणूस ग्रंथाला मुकतो आणि अक्षरावरच थांबणारा माणूस अर्थाला मुकतो. ओरिजेनने अक्षरासाठी हिब्रू शिकण्याचे कष्ट घेतले, अर्थासाठी आपले तारुण्यातले मत बदलले, विरोधकाचे म्हणणे खोडण्यापूर्वी ते नीट मांडले आणि श्रद्धेची किंमत देहाने चुकविली. त्याची काही मते त्याच्या धर्मबांधवांना पटली नाहीत, आपल्यालाही सर्व पटतील असे नाही. पण मतभेद म्हणजे धर्मद्रोह नव्हे, हे त्याने आयुष्यभर आचरणाने दाखविले.

गीताजयंतीला आपण जी पोथी उघडतो, तिच्या प्रत्येक श्लोकामागे अशाच एका अर्थ शोधणाऱ्याची तपश्चर्या उभी आहे. नाताळच्या रात्री शेजारच्या चर्चमधून घंटानाद ऐकू येईल, तेव्हा त्या जन्मकथेचा अर्थ शोधण्यात आयुष्य वेचणाऱ्या या अलेक्झांड्रियाच्या भाष्यकारालाही आपला नमस्कार पोचावा, एवढीच आमची इच्छा आहे.